मदत हवी आहे : जपानी पाहुण्यांसाठी दुभाषा

नमस्कार मंडळी. बुटीबोरीच्या आमच्या छोट्या कारखान्यात पुढच्या महिन्यात जपानहून दोन खरेदीदार येताहेत. 2011 च्या भारत-जपान करारामुळे तिकडच्या आयात शुल्कात सवलत मिळते. त्याची कागदपत्रं एजंट बघतोय, ती काळजी नाही. घोडं अडलंय दुभाष्यापाशी. नागपुरात जपानी नीट बोलणारं कोणी आहे का, की पुण्याहूनच बोलवावं लागेल?

दुपारी त्यांना कामठीचं ड्रॅगन पॅलेस बुद्ध मंदिर दाखवायचंय. नोरिको ओगावा यांच्या दानातून 1999 मध्ये उभं राहिलेलं, आत चंदनाची बुद्धमूर्ती. जमलंच तर दीक्षाभूमीही. गर्दी कोणत्या वारी कमी असते? आणि जेवायला कुठे न्यावं? सावजी सोडून सांगा, ऑर्डर अजून मिळायचीय!