डेमन म्हणजे राक्षस?

प्रश्न (लालबागहून)
आमच्या चाळीच्या अभ्यासिकेत रविवारी मुलांना लिनक्स शिकवते. दोन जुन्या संगणकांवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) घातलंय. गेल्या रविवारी ‘डेमन’ हा शब्द आला. एका मुलाने कोशात पाहून वहीत ‘राक्षस’ असं लिहिलं आणि विचारलं, “ताई, मुकाट्याने काम करणाऱ्या प्रोग्रॅमला राक्षस कशाला म्हणायचं?” मला नीट सांगता आलं नाही. नेटवर्कमधल्या ‘पोर्ट’चंही तसंच. मी ‘बंदर’ म्हटलं, तर मुलांच्या डोळ्यांपुढे भाऊचा धक्का आला. चांगले मराठी शब्द सुचवा.

दादरहून
ताई, मुलाची शंका रास्त आहे. इंग्रजीत demon आणि daemon अशी दोन स्पेलिंगं आहेत आणि संगणकातलं दुसरं, जुन्या ग्रीक ‘डायमोन’च्या वळणाचं. डायमोन म्हणजे देव आणि माणूस यांच्या मधली अदृश्य शक्ती, चांगली किंवा वाईट कशीही. १९६३ च्या सुमारास एमआयटीतल्या प्रोजेक्ट मॅकच्या मंडळींनी हा शब्द उचलला तो मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाच्या कल्पनेवरून. दोन कप्प्यांमधल्या झडपेशी बसून वेगवान आणि संथ रेणू वेगळे करणारा, कधी न थकणारा एक जीव त्याने कल्पिला होता, तोच ‘मॅक्सवेलचा डेमन’. पडद्याआड अखंड काम करणाऱ्या प्रोग्रॅमला हे नाव शोभलं. एसएसएचडी (दुरून संगणकात शिरू देणारा), एचटीटीपीडी (वेबपानं पाठवणारा) या नावांच्या शेवटचा ‘डी’ तोच.

भांडुपहून
मग आपल्याकडे शब्द तयार आहे: राखणदार. आमच्या सिंधुदुर्गात गावाला राखणदार असतो. तो दिसत नाही, रात्री सीमेवर फिरतो अशी श्रद्धा. कोणी त्याला राक्षस म्हणत नाही, त्याला गाऱ्हाणं घालतात. लालबाग-परळच्या निम्म्या घरांत हा शब्द आजीच्या तोंडून ऐकलेला असेल. मुलांना समजावायची गरजच पडणार नाही.

दादरहून
शब्द सुंदर आहे, पण एक अडचण दिसते. राखणदार राखण करतो. क्रॉन हा डेमन ठरल्या वेळी ठरलेली कामं उरकतो, छपाईचा डेमन कागदांची रांग सांभाळतो. तिथे राखण कुठे आली? म्हणून समजावताना ‘राखणदार’ आणि लिहिताना ‘डेमन’ असं मी करीन. ‘सेवक’ नको, तो सर्व्हरशी, म्हणजे इतर संगणकांना सेवा पुरवणाऱ्या यंत्राशी, गल्लत करतो.

पोर्टचं उत्तर मात्र निःसंशय ‘दार’. लॅटिनमध्ये पोर्टुस म्हणजे बंदर आणि पोर्टा म्हणजे दरवाजा, दोन्ही एकाच कुळातले. इथे अर्थ दाराच्या बाजूचा. तुमच्या चाळीचंच उदाहरण घ्या. संगणकाचा आयपी पत्ता म्हणजे चाळीचा पत्ता, पोर्ट म्हणजे खोलीच्या दारावरचा नंबर. एसएसएच २२ नंबरला राहतो, साधं वेब ८० ला, सुरक्षित वेब ४४३ ला. नंबर ६५,५३५ पर्यंत जातात. इंग्रजीत ‘लिसन’ म्हणतात त्याला मराठीत ‘कान देऊन बसणं’ हुबेहूब बसतं. कोणत्या दाराशी कोण कान देऊन बसलाय ते ‘एसएस’ ही आज्ञा दाखवते. जुन्या पुस्तकांत तिच्या जागी ‘नेटस्टॅट’ सापडेल.

मुलुंडहून
‘पिंग’बद्दल थोडं. ऑफिसात “मला पिंग कर” म्हणजे निरोप टाक, पण मूळ आज्ञा वेगळी आहे: नेटवर्कवरचं दुसरं यंत्र उत्तर देतंय का ते ती पाहते. माइक म्यूस यांनी ती १९८३ मध्ये लिहिली आणि पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून तिचं नाव ठेवलं. मराठीत ‘हाक मारणं’ आणि ‘ओ देणं’ ही जोडी अगदी चपखल. “सर्व्हर ओ देतोय का बघ.” आणि हे मुलांना जरूर सांगा: ओ आली नाही म्हणजे यंत्र बंदच असं नाही. फायरवॉल, म्हणजे नको ती ये-जा अडवणारी व्यवस्था, पिंगला गप्प करते, तरी ४४३ चं दार उघडं असू शकतं. ‘सर्व्हर डाऊन’ म्हणण्याआधी दार वाजवून बघायची सवय लागली पाहिजे.

लालबागहून
सगळ्यांचे मनापासून आभार. ‘राखणदार’ मी फळ्यावर लिहिणार, खाली ‘डेमन’. क्रॉनची शंका मात्र मुलांपुढेच ठेवते, त्यांच्या आज्यांना विचारून यायला सांगते. राखणदाराला गावात आणखी कोणती कामं सांगतात, हे कोकणातल्या कोणाला माहीत असेल तर इथे लिहा.

भांडुपहून
हरवलेली गुरं शोधून द्यायला सांगतात. चुकलेल्या माणसाला रात्री वाटेला लावतो, असंही म्हणतात. ते काम राउटरचं, म्हणजे नेटवर्कवर माहितीला वाट दाखवणाऱ्या यंत्राचं झालं, त्याला ‘वाटाड्या’ म्हणा.