मदत हवी आहे: बल्गेरियन राचेनित्साची लय नवशिक्यांना कशी शिकवावी?

नमस्कार. मी जर्मनीत राहते आणि इथल्या एका हौशी लोकनृत्य गटात बल्गेरियन नृत्ये शिकवायला मदत करते. गटात जर्मन मंडळींबरोबर काही मराठी कुटुंबेही आहेत. येत्या उन्हाळ्यात राचेनित्सा सादर करायचे ठरले आहे, पण घोडे लयीपाशी अडले आहे. तालाची जाण असलेल्यांचा आणि नृत्य शिकवणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

राचेनित्साच्या आवर्तनात सात मात्रा असतात आणि त्यांची विभागणी २+२+३ अशी होते. मूळ पदन्यासात मात्र पावले तीनच पडतात: दोन आखूड आणि तिसरे किंचित लांब. नवखा नर्तक हे तिसरे पाऊल हमखास ताणतो, तीनाच्या चार मात्रा होतात आणि बघता बघता सगळा गट आठ मात्रांच्या ओळखीच्या चालीत जाऊन बसतो. मूळ ध्वनिमुद्रण फार जलद असल्यामुळे मी ते संथ करून वाजवते, पण त्याने ही खोड उलट वाढते. जलद लयीत उडीवरून उतरताना शरीराचे वजनच पुढचे पाऊल टाकायला भाग पाडते, तर संथ लयीत रेंगाळायला ऐसपैस जागा मिळते. सुरुवातीपासून जवळजवळ मूळ वेग ठेवून पावलेच सोपी करावीत का?

मराठी मंडळींची अडचण वेगळी आहे. त्यांच्यातल्या तबला शिकलेल्यांच्या कानात सात मात्रांचा रूपक ताल पक्का बसला आहे, आणि त्याची विभागणी ३+२+२ असल्यामुळे ते तीन मात्रांच्या लांब गटालाच आवर्तनाचा आरंभ समजतात. (त्यात रूपकाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्राच, ‘खाली’वर म्हणजे बिनजोराच्या जागी येते, त्यामुळे जोर कुठे द्यायचा यावर वेगळाच वाद रंगतो.) लेस्नोतो हे संथ बल्गेरियन नृत्य ३+२+२ मध्येच असल्याने त्यात हीच मंडळी सर्वांआधी तयार झाली, राचेनित्सात मात्र त्यांची पावले सुटी सुटी बरोबर असूनही सगळी रांगेच्या पुढे किंवा मागे पडतात. ‘तक तक तकिट’ असे म्हणवून घेतल्यावर आरंभ सापडला, परंतु प्रत्येक अक्षराला पाय आपटला जाऊ लागला आणि गुडघ्यांतली लवचीकता गेली. बोल कधी सोडवायचे, आणि ते सोडताना लय कशाच्या आधारावर टिकवायची?

दुसरा प्रश्न साथीचा आहे. गाइदा (मशकवाद्य), कवाल (बासरीसारखे वाद्य) आणि गादुल्का (गजाने वाजवायचे तंतुवाद्य) वाजवणारे आमच्याकडे कोणी नाही, त्यामुळे सूर ध्वनिमुद्रणाचेच राहतील. ताल तरी प्रत्यक्ष वाजावा अशी इच्छा आहे. बल्गेरियन तपान हा दोन तोंडांचा मोठा ढोल असून त्याच्या एका बाजूवर जाड लाकडी दांडक्याने आणि दुसऱ्या बाजूवर बारीक छडीने वाजवतात. जाड ठोका मात्रांच्या प्रत्येक गटाचा आरंभ सांगतो आणि छडी मधल्या मात्रा भरते. गटातले एक काका ढोलकी उत्तम वाजवतात, पण त्यांच्या हातून मधल्या जागा इतक्या भरल्या जातात की नर्तकांना आखूड-लांब हा फरकच ऐकू येत नाही. त्यापेक्षा टिपरूने वाजवायचा आपला ढोल घ्यावा आणि दुसऱ्या तोंडावर छडी वापरावी, असा माझा विचार आहे. अशा रीतीने ढोल कोणी वाजवून पाहिला आहे का? छडीच्या माऱ्याने पान लवकर खराब होते का, आणि बारीक आवाज स्वच्छ यावा म्हणून ते तोंड कितपत ताणून घ्यावे?