पोलीस ठाण्याने सोसायटीच्या कॅमेऱ्याचा लाइव्ह फीड मागितला आहे. द्यावा का?

सचिव_बी_विंग

पुण्यातली ६४ सदनिकांची नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था आहे. आठ आयपी कॅमेरे, सगळे २ मेगापिक्सेल आणि २.८ मिमी लेन्सचे. एक एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र), ४ टीबी हार्ड डिस्क. पोलीस ठाण्याकडून पत्र आलं आहे: गेटवरचा एक कॅमेरा रस्त्याकडे वळवा आणि लाइव्ह बघता येईल असा युजर आयडी-पासवर्ड द्या. पत्रात कलम नाही, मुदत नाही.

कमिटीत सरळ दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, समोरच्या रस्त्यावर सोनसाखळ्या ओढल्या जातात, मदत करायलाच हवी. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर कायमची नजर ठेवायचा आपल्याला काय अधिकार? कॅमेरा वळवला की समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्याच्या बाल्कन्याही त्यात येतात. त्यात कॅमेरेवाला चेहरा ओळखणारा नवा एनव्हीआर घ्या म्हणून मागे लागला आहे. नाही म्हणता येतं का? आणि कॅमेरा वळवून खरंच काही साधतं का? जाणकारांनी सांगावं.

कलमवाचक

आधी दोन मागण्या वेगळ्या करा. घडलेल्या गुन्ह्याचं फुटेज ही एक, चोवीस तासांचा लाइव्ह फीड ही दुसरी.

पहिलीला आढेवेढे घेऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ९१) ठाण्याचा प्रभारी अधिकारी तपासासाठी लागणारी वस्तू, कागदपत्र किंवा इलेक्ट्रॉनिक पुरावा लेखी आदेशाने मागू शकतो. पण ते कलम विशिष्ट तपासाला बांधलेलं आहे. उद्या काही घडेल म्हणून आज कायमचं कनेक्शन, हे माझ्या मते त्यात बसत नाही. संयुक्त आंध्र प्रदेशाने २०१३ मध्ये वर्दळीच्या आस्थापनांना कॅमेरे लावणं आणि फुटेज ३० दिवस जपणं बंधनकारक करणारा खास कायदा केला. म्हणजे सक्ती करायची तर कायदा लागतो. तुमच्या पत्रात कलमच नाही, तेव्हा ती विनंती आहे आणि विनंतीला नम्र नकार देता येतो.

२४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टास्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क मानला. त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. तुमच्याकडचं पत्र पहिल्याच पायरीवर अडतं.

उत्तर लेटरहेडवर, साधारण असं द्या: ‘गुन्हा नोंद क्रमांक, तारीख, वेळेची चौकट व मागणी करणाऱ्या अधिकाऱ्याची सही असलेली लेखी मागणी आल्यास संस्था २४ तासांत संबंधित चित्रणाची प्रत देईल. कायमस्वरूपी थेट जोडणीबाबत कायदेशीर तरतूद व वापराची नियमावली कळवल्यास विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात येईल.’ पोच घ्या. आणि हा निर्णय सचिव-अध्यक्षांनी परस्पर घेऊ नका. पाच पूर्ण दिवसांची सूचना काढून विशेष सर्वसाधारण सभा बोलवा, ठराव इतिवृत्तात नोंदवा.

फुटेज देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलचा आकड्या-अक्षरांतला ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) लिहावं लागतं. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा वापरून ते एसएचए-२५६ पद्धतीने काढता येतं. एनव्हीआरमधून काढलेली मूळ फाइलच द्या. स्क्रीनचं मोबाइलने शूटिंग करून व्हॉट्सॲपवर पाठवलेलं न्यायालयात टिकत नाही, आणि ते गावभर फिरतं ते वेगळंच.

लेन्स_ते_केबल

कॅमेरा वळवून काय मिळेल ते आकड्यांत सांगतो.

माणूस नक्की कोण हे ठरवायला चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल लागतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५, नुसती हालचाल कळायला २५. आयईसी ६२६७६-४ या कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीतले हे आकडे आहेत. तुमच्या कॅमेऱ्याची आडवी रुंदी १९२० पिक्सेल. २५० ने भागलं की सुमारे ७.७ मीटर रुंदीचं दृश्य. २.८ मिमी लेन्स साधारण १०८ अंश बघते, म्हणजे एवढी रुंदी पावणेतीन मीटरवरच भरते. त्यापुढचा चेहरा पुराव्याच्या कामाचा नाही. १० मीटरवर रस्त्यावरून कुणी गेलं तर मीटरला जेमतेम ७० पिक्सेल उरतात.

रात्री तर विचारू नका. हे कॅमेरे अंधारात शटर १/२५ सेकंदावर आणतात. ताशी ४० किमीने आडवी जाणारी मोटारसायकल तेवढ्या वेळात ४४ सेंटीमीटर सरकते. दुचाकीची मागची नंबरप्लेट २० सेंटीमीटर रुंद असते. हाती फक्त रेघोट्या. गाडी सरळ लांब जात असेल तर इन्फ्रारेडच्या उजेडाने प्लेट पांढरीफटक दिसते. नंबर टिपायला अरुंद कोनाची लेन्स, १/५०० किंवा त्याहून जलद शटर आणि त्याच एका पट्ट्यावर रोखलेला वेगळा कॅमेरा लागतो.

थोडक्यात, साखळीचोराचा चेहरा यात मिळणार नाही. समोरच्या इमारतीतलं कोण किती वाजता बाहेर पडतं, कुणाकडे कोण येतं, हे मात्र रोज मिळेल. चालण्याची ढब, कपडे, गाडीचा रंग एवढं ओळखीच्या माणसाला पुरतं.

उलट हाच कॅमेरा गेटच्या आत रोखा. २.८ च्या जागी ६ मिमी लेन्स घ्या. साधारण ५४ अंशांच्या कोनात साडेसात मीटरपर्यंत २५० पिक्सेल मिळतात. उंची सव्वादोन ते अडीच मीटर ठेवा. चार मीटरवर टांगला की टोप्या आणि हेल्मेटच दिसतात.

तरीही चौकटीत शेजारची खिडकी येत असेल तर प्रायव्हसी मास्क (चित्राचा तेवढा भाग काळा करणारा चौकोन) लावा. कॅमेऱ्याच्या वेब पेजवर बहुतेक ब्रँडमध्ये इमेज विभागात तो पर्याय असतो, साधारण चार चौकोन काढता येतात. मास्क कॅमेऱ्यातच लावा. वेगळ्या ब्रँडचा कॅमेरा ऑनव्हिफने (निरनिराळ्या ब्रँडची यंत्रं जोडायची सामाईक पद्धत) जोडलेला असेल तर एनव्हीआरवर केलेलं सेटिंग कॅमेऱ्यापर्यंत पोहोचेलच असं नाही. लाइव्हवर काळं दिसलं म्हणून थांबू नका. मेन आणि सब (मोठ्या आणि लहान चित्राचा) दोन्ही स्ट्रीम तपासा, दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग चालवून बघा. आणखी एक, मास्क चित्राला चिकटलेला असतो, खिडकीला नाही. रंगकामवाल्याची शिडी लागून कॅमेरा चार अंश हलला की बाल्कनी पुन्हा उघडी. फॅक्टरी रीसेट झाला की मास्क गेलाच. महिन्यातून एकदा बघत जा. माइक असेल तर आवाज बंद करा, गेटवरच्या गप्पा टिपायचं काही कारण नाही.

सचिव_बी_विंग

कलमवाचक, लेन्स_ते_केबल, दोघांचेही आभार. पत्राचा मजकूर तसाच वापरतो. चेहरा ओळखणाऱ्या एनव्हीआरबद्दल? कॅमेरेवाला म्हणतो, घरकाम करणाऱ्या बायका आणि डिलिव्हरीवाल्यांचे फोटो टाकले की काम सोपं होतं.

चेहराशोध_नको

घेऊ नका.

हे यंत्र ‘हा तोच माणूस’ असं सांगत नाही, साम्याचा गुण देतं. किती गुणांना जुळलं म्हणायचं ते बसवणारा ठरवतो. माहिती अधिकारात दिल्ली पोलिसांनी दिलेल्या उत्तरानुसार ते ८० टक्क्यांच्या वर साम्य असेल तर जुळणी धरतात. ८० टक्के साम्य म्हणजे ८० टक्के खात्री नव्हे. गणित करून बघा. समजा चूक हजारात एक, आणि गेटमधून दिवसाला १,५०० वेळा ये-जा. रोज एक-दोन माणसं विनाकारण अडवली जाणार. त्यात बाई कामाची असेल तर वॉचमन तिची पिशवी तपासणार, सदस्याची कुणी तपासणार नाही. फोटोला तिची संमती घेतली म्हणाल, तर नाही म्हटल्यावर काम जाणार असेल ती संमती कसली?

हैदराबादमध्ये मे २०२१ मध्ये पोलिसांनी एस. क्यू. मसूद या सामाजिक कार्यकर्त्याला रस्त्यात थांबवून, तोंडावरचा मास्क काढायला सांगून फोटो घेतला. त्यांनी तेलंगणा उच्च न्यायालयात चेहरा ओळखण्याच्या यंत्रणेलाच आव्हान दिलं. ब्रिटनमध्ये ११ ऑगस्ट २०२० रोजी अपील न्यायालयाने साउथ वेल्स पोलिसांचा असा वापर बेकायदा ठरवला. कुणाला यादीत टाकायचं आणि कुठे कॅमेरा लावायचा हे अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडलं होतं, हे त्यातलं एक मोठं कारण. तुमच्या गेटवर ती मर्जी कमिटीची असेल.

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा २०२३ मध्ये स्वतःच्या घरगुती कामासाठी विदा वापरणाऱ्या व्यक्तीला सूट आहे. संस्था त्या सवलतीत बसत नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, जबाबदारीची मुख्य कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. चेहऱ्यांचा साठा आज जमवलात तर तेव्हा त्याचं उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

नळस्टॉप

थोडं वेगळं मत. पोलिसांनी रस्त्यावर कॅमेरे लावूच नयेत असं मी म्हणणार नाही. २६/११ नंतर राम प्रधान समितीने शिफारस केली आणि मुंबईभर कॅमेऱ्यांचं जाळं उभं राहिलं, त्याचा तपासात उपयोग होतो. पण तो सरकारी कॅमेरा आहे. तो किती दिवस साठवतो, कोण बघतं, हे माहिती अधिकारात विचारता येतं. सोसायटीच्या पासवर्डवर चालणारा फीड कुठल्याच यादीत नसतो. कुणी केव्हा बघितलं, स्क्रीन रेकॉर्ड केली का, काही कळायला मार्ग नाही. रस्त्याला कॅमेरा हवाच असेल तर ठाण्याने स्वतःच्या खांबावर, स्वतःच्या जबाबदारीवर लावावा. अर्ज करून विचारा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. विचारायचं इतकंच की खासगी संस्थांकडून घेतलेल्या थेट जोडण्यांची संख्या, त्यासाठीचा आदेश आणि नियमावलीची प्रत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे आणि १८ महिन्यांची साठवण सांगितली, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष. तुमच्या ठाण्यात ते चालू आहेत का, यासाठी दुसरा अर्ज.

लेन्स_ते_केबल

साठवणीचं राहिलं होतं. एच.२६५ (चित्रण दाबून लहान करायची पद्धत) वर २ एमबीपीएस धरलं तर एक कॅमेरा दिवसाला साधारण २१ जीबी खातो. आठ कॅमेरे १७० जीबी, ४ टीबीत तीनेक आठवडे. एवढं कशाला? प्रत्येक चॅनेलला साठवणीची मुदत १५ दिवस ठेवा, त्यापुढचं आपोआप पुसलं जाऊ दे. एखादी घटना घडली तर तेवढी क्लिप लगेच लॉक करा किंवा काढून ठेवा, नाहीतर पोलीस विसाव्या दिवशी येतील आणि फुटेज नसेल.

आता पासवर्ड. ॲडमिनचा एकच पासवर्ड सगळ्या कमिटीच्या मोबाइलमध्ये, हा बहुतेक ठिकाणचा प्रकार. कमिटी बदलली तरी जुन्या खजिनदाराला घरबसल्या गेट दिसत राहतं. प्रत्येकाला वेगळा युजर द्या, प्लेबॅकचा हक्क फक्त दोघांना, कमिटी बदलली त्याच दिवशी ॲडमिनचा पासवर्ड बदला आणि ॲपमधली जुनी शेअरिंग काढा. राउटरवर यूपीएनपी (बाहेरचे पोर्ट आपोआप उघडणारी सोय) बंद, एनव्हीआरचे ५५४ आणि ८००० पोर्ट इंटरनेटला उघडे नकोत. एनव्हीआरचं घड्याळ एनटीपीला (इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सेवा) जोडा, टाइमझोन +५:३०. घड्याळ दहा मिनिटं मागे असेल तर प्रमाणपत्रातली वेळ आणि फिर्यादीतली वेळ जुळत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते.

गेटवर ठळक पाटी लावा: इथे चित्रण होतं, कशासाठी होतं, १५ दिवसांनी पुसलं जातं, तक्रार कुणाकडे करायची.