सेवा शुल्क बदलले की एकूण रक्कम मधेच चुकते : रिअ‍ॅक्टिव्ह डिपेंडन्सी ग्राफमधील क्रमाविषयी प्रश्न

महापेकर :

नमस्कार. महापे येथील आमच्या कार्यालयात गृहनिर्माण संस्थांच्या मासिक मेंटेनन्स बिलांचे सॉफ्टवेअर तयार होते. बिलाची स्क्रीन पूर्वी कार्यालयातच लिहिल्या गेलेल्या शे-दीडशे ओळींच्या एका रिअ‍ॅक्टिव्ह लायब्ररीवर चालते; एक मूल्य बदलले की त्यावर अवलंबून असलेली मूल्ये ही लायब्ररी आपोआप नव्याने काढते. तिच्यात मूळ मूल्यांसाठी सिग्नल आहेत, त्यांवरून काढलेली मूल्ये आहेत, आणि मूल्य बदलले की जतन करणे, रंग बदलणे अशी कामे करणारे इफेक्ट आहेत. ती लिहिणारी मंडळी आता कार्यालयात नाहीत, म्हणून येथे विचारतो आहे.

सदनिका भाड्याने दिलेली असेल, तर संस्थेला सेवा शुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के बिनभोगवटा शुल्क आकारता येते. बाकीच्या बाबी सोडून दिल्या, तर एकूण रक्कम म्हणजे या दोहोंची बेरीज. सेवा शुल्क २,००० रुपये असेल तर बिनभोगवटा शुल्क २०० आणि एकूण २,२००. सेवा शुल्क २,५०० केले की एकूण २,७५० यायला हवे. ते येते, पण त्याआधी जतन करणारा इफेक्ट एकदा २,७०० ही रक्कम घेऊन चालतो. सर्व्हरकडे दोन विनंत्या जातात आणि कधीकधी २,७०० हाच आकडा जतन होऊन राहतो.

स्क्रीन उघडली तेव्हाच सदनिका भाड्याची असेल, तर हे घडत नाही. ‘भाड्याने दिली आहे’ ही खूण स्क्रीन उघडल्यानंतर केली, तरच घडते. दोन्ही वेळा सूत्रे तीच आणि मूल्येही तीच असताना असा फरक का पडावा? आणि व्ह्यू किंवा सॉलिड यांसारख्या लायब्ररींना क्रम कोणीच सांगत नसताना त्या तो कसा लावतात?

पाचपाखाडी, ठाणे :

तुम्ही दिलेल्या शेवटच्या तपशिलातच उत्तर दडलेले आहे, त्यामुळे ग्राफ, म्हणजे कोणते मूल्य कोणावर अवलंबून आहे याचे जाळे, कसा तयार होतो तेथून सुरुवात करतो.

अशा लायब्ररीत ‘अमुक मूल्य तमुकावर अवलंबून आहे’ असे आपण कोठेही लिहीत नाही. लायब्ररी एका जागतिक चलात ‘सध्या कोणते फंक्शन चालू आहे’ याची नोंद ठेवते. एका फंक्शनच्या पोटात दुसरे चालू शकते, म्हणून प्रत्यक्षात तो एक स्टॅक, म्हणजे एकावर एक रचलेली यादी, असतो. फंक्शन चालू असताना एखादा सिग्नल वाचला गेला, की तो सिग्नल स्टॅकच्या टोकावरील फंक्शनला आपल्या यादीत जोडून घेतो. पुढे सिग्नलचे मूल्य बदलले, की यादीतील प्रत्येकाला क्रमाने पुन्हा चालवले जाते. म्हणजे ग्राफची प्रत्येक कड (दोन मूल्यांमधला दुवा) वाचण्याच्या क्षणी जन्माला येते. जे वाचले गेले नाही, त्याच्याशी कड जुळत नाही. स्टीव्ह सँडरसन यांच्या २०१० च्या नॉकआउट या लायब्ररीमध्येही नोंद अशीच वाचनावरून होत असे.

आता सदनिका मालकाच्याच वापरात असताना स्क्रीन उघडली असे धरा. बिनभोगवटा शुल्काचे फंक्शन आधी ‘भाड्याने आहे का’ हे वाचते, उत्तर नाही असे मिळते आणि ते शून्य देऊन परत येते. सेवा शुल्क त्याने वाचलेलेच नाही. त्यानंतर एकूण रकमेचे फंक्शन सेवा शुल्क वाचते, म्हणून सेवा शुल्काच्या यादीत पहिले नाव एकूण रकमेचे लागते. वापरकर्त्याने भाड्याची खूण केली, की बिनभोगवटा शुल्काचे फंक्शन पुन्हा चालते, या वेळी सेवा शुल्क वाचते आणि यादीत दुसरे नाव म्हणून जाते. पुढे सेवा शुल्क २,५०० होते. यादीप्रमाणे आधी एकूण रक्कम निघते, आणि तिला बिनभोगवटा शुल्क अजून जुने, म्हणजे २००, मिळते. हाच तुमचा २,७००. मग बिनभोगवटा शुल्क २५० होते, ते एकूण रकमेला पुन्हा चालवते आणि २,७५० येतात. स्क्रीन उघडतानाच सदनिका भाड्याची असेल, तर यादीतील नावे उलट क्रमाने लागतात आणि चूक झाकली जाते.

नवे-जुने मिसळून निघालेल्या अशा मूल्याला या क्षेत्रात ग्लिच म्हणतात. एका मूल्यापासून दोन वाटा फुटून पुढे एकाच मूल्यात मिळतात, तेथे तो संभवतो.

माझा तर्क बरोबर असेल, तर आणखी दोन गोष्टी लॉगमध्ये दिसतील. एक, जेव्हा चूक दिसत नाही तेव्हाही एकूण रक्कम दोनदा काढली जात असेल, फक्त दोन्ही वेळा २,७५० येत असतील. दुसरी, भाड्याची खूण काढून टाकल्यावरही सेवा शुल्क बदलले की बिनभोगवटा शुल्काचे फंक्शन विनाकारण चालत असेल, कारण जुन्या कडा पुसल्या जात नसाव्यात. फंक्शन पुन्हा चालवण्यापूर्वी त्याच्या सर्व जुन्या कडा काढून नव्या वाचनातून त्या पुन्हा बांधणे आवश्यक असते. तसे होत असते, तर खूण केल्यावर एकूण रकमेचे नाव यादीत मागे गेले असते आणि या एका प्रसंगी तुम्हाला दोष दिसलाही नसता. पण तो योगायोग ठरला असता, दुरुस्ती नव्हे.

घणसोली :

वरील निदान मला पूर्ण पटते. क्रम कसा लावतात, या प्रश्नाविषयी लिहितो.

प्रश्न स्प्रेडशीटइतका जुना आहे. १९७९ मधील व्हिजिकॅल्क ही स्प्रेडशीट ओळीओळीने किंवा स्तंभास्तंभाने गणित करत असे, त्यामुळे एखादे सूत्र पुढे येणाऱ्या घरावर अवलंबून असेल, तर बरोबर उत्तरासाठी गणित पुन्हा चालवावे लागे. ग्राफ आधीच पूर्ण माहीत असेल, तर उपाय सरळ आहे : ज्याला लागणारे काहीच काढायचे उरलेले नाही ते आधी अशा क्रमाने, म्हणजे टोपोलॉजिकल सॉर्ट करून, प्रत्येक मूल्य एकदाच काढायचे. आर्थर कान यांनी त्याची पद्धत १९६२ मध्येच प्रसिद्ध केली होती. परंतु येथे गणित चालू असतानाच ग्राफ बदलतो, जसा तुमच्याकडे भाड्याच्या खुणेने बदलला. एकदा लावलेला क्रम पुढच्या क्षणी खोटा ठरू शकतो.

म्हणून आजच्या बहुतेक सिग्नल लायब्ररी काम दोन टप्प्यांत करतात. सिग्नल बदलला की पहिल्या टप्प्यात केवळ खबर खाली जाते, मूल्य काढले जात नाही. थेट अवलंबून असलेल्यांवर ‘शिळे’ अशी खूण होते आणि त्यांच्याही खालच्यांवर ‘कदाचित शिळे’ अशी. दुसऱ्या टप्प्यात इफेक्ट आपल्याला लागणारे मूल्य मागतो आणि मागणी वर जाते. तुमच्या उदाहरणात एकूण रक्कम मागितली गेली, की तिचे फंक्शन चालताना ती बिनभोगवटा शुल्क मागते. त्यावर शिळेपणाची खूण असल्याने ते आधी स्वतःला २५० वर आणते आणि मगच उत्तर देते. २,७०० तयार व्हायला जागाच उरत नाही. खबर ढकलायची आणि मूल्य ओढायचे, या विभागणीवर सगळा डोलारा उभा आहे.

‘कदाचित शिळे’ ही वेगळी खूण कशासाठी, हे समजून घेण्यासारखे आहे. समजा, थकबाकीच्या रकमेवरून ‘थकबाकी आहे का’ असे हो-नाही मूल्य काढले आहे आणि त्यावरून ओळ लाल करणारा इफेक्ट आहे. थकबाकी ४,००० वरून ३,५०० झाली, तरी उत्तर ‘हो’ असेच राहते. इफेक्टवर ‘कदाचित’ एवढीच खूण असल्याने तो आधी वरच्या मूल्याला विचारतो. ते नव्याने निघते, पूर्वीइतकेच भरते, आणि इफेक्ट न चालता स्वच्छ ठरतो. शेकडो सदनिकांच्या यादीत हा फरक डोळ्यांना जाणवतो.

ही विचारणा मागच्या वेळी ज्या क्रमाने वाचन झाले, त्याच क्रमाने करावी लागते, याकडे नव्याने लायब्ररी लिहिणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. एखादे मूल्य आधी ‘भाडेकरू आहे का’ हे वाचते आणि असल्यासच भाडेकरूच्या करारावरून काढलेली मुदत वाचते. भाडेकरू काढून टाकला आणि लायब्ररीने आधी मुदत ताजी करायला घेतली, तर अस्तित्वातच नसलेल्या करारावर गणित चालून स्क्रीन कोसळेल. आधी पहिला प्रश्न विचारला, तर तो बदललेला दिसताच फंक्शन पुन्हा चालते आणि मुदतीपर्यंत जाण्याची वेळच येत नाही.

२०२२ चे प्रीअ‍ॅक्ट सिग्नल्स, २०२३ मध्ये अँग्युलरच्या १६ व्या आवृत्तीत आलेले सिग्नल, २०२४ चे स्वेल्ट ५ आणि सॉलिड यांच्या तपशिलात बरेच फरक असले, तरी कल्पना याच कुळातली आहे. जावास्क्रिप्ट भाषेतच सिग्नल आणण्याचा प्रस्तावही २०२४ मध्ये टीसी३९ या, त्या भाषेचे मानक ठरवणाऱ्या समितीच्या पहिल्या टप्प्यावर आला. माझे मत विचाराल, तर घरची लायब्ररी दुरुस्त करत बसण्याऐवजी यांपैकी एखादी घ्यावी. आणि जतन करण्याला अर्ध्या सेकंदाचा विलंब लावून हा दोष झाकू नये : सर्व्हरकडील चुकीची विनंती त्याने थांबेल, पण छापील बिलासाठी तीच रक्कम वाचणारा दुसरा इफेक्ट २,७०० पाहतच राहील.

नेरूळ :

दुसरी बाजूही नोंदवावीशी वाटते. रिअ‍ॅक्ट ही लायब्ररी असा ग्राफ बांधतच नाही. स्थिती बदलली की घटकाचे, म्हणजे स्क्रीनच्या त्या भागाचे, फंक्शन वरपासून खालपर्यंत पुन्हा चालते, त्यामुळे बिनभोगवटा शुल्क आणि बेरीज साध्या ओळींत लिहिली असेल, तर वरची ओळ आधी चालणारच. गणित थोडे जास्त होते, पण क्रम डोळ्यांसमोर राहतो, आणि नव्या माणसाला वाचायला हे मला सोपे वाटते.

मात्र तेथेही काढलेले मूल्य वेगळ्या स्थितीत साठवून यूज-इफेक्टने, म्हणजे तेथील इफेक्टने, जुळवत राहिले, तर हाच ग्लिच परत येतो : एका रेंडरमध्ये (घटकाचे फंक्शन एकदा चालते तेव्हा) सेवा शुल्क नवे आणि बिनभोगवटा शुल्क जुने. शिवाय यूज-इफेक्टच्या अवलंबनांची यादी हाताने लिहावी लागते आणि तीत एखादे नाव राहून गेले, तर जुनेच मूल्य वापरले जाते. जे काढता येते ते साठवू नये, हे पथ्य कोणत्याही लायब्ररीत पाळावे लागते.

महापेकर :

सर्वांचे मनापासून आभार. लॉग लावून पाहिले. सेवा शुल्काच्या यादीत एकूण रक्कम खरोखरच आधी आहे, चूक दिसत नाही तेव्हाही ती दोनदा निघते, आणि जुन्या कडाही पुसल्या जात नाहीत. प्रयोग म्हणून ही स्क्रीन व्ह्यू ३ वर लिहून पाहिली; २,७०० आता येत नाही. एक नवी शंका आहे. संस्थेचा दर सर्व्हरवरून आणणाऱ्या वॉच-इफेक्टमध्ये (व्ह्यूच्या इफेक्टमध्ये) अवेटनंतर, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहून झाल्यावर, मी क्षेत्रफळ वाचतो, पण क्षेत्रफळ बदलल्यावर तो इफेक्ट पुन्हा चालत नाही. आणि सदनिकेची स्क्रीन बंद केल्यावर तिचे इफेक्ट खरोखर नाहीसे होतात का?

पाचपाखाडी, ठाणे :

अवेटशी पोहोचताच फंक्शन तात्पुरते परत येते आणि ‘सध्या कोण चालू आहे’ ही नोंद काढून घेतली जाते. उत्तर आल्यावर उरलेला भाग चालतो, तेव्हा नोंदीत तुमचे फंक्शन नसते, म्हणून क्षेत्रफळाला जोडून घ्यायला कोणी सापडत नाही. ती नोंद तशीच ठेवली असती, तर मधल्या काळात चाललेल्या भलत्याच फंक्शनची वाचने तुमच्या नावावर चढली असती, म्हणून लायब्ररीचे वागणे योग्यच आहे. जे जे लागणार आहे ते अवेटपूर्वी स्थानिक चलांत वाचून घ्या. त्याहून बरे म्हणजे आलेला दर एका सिग्नलमध्ये ठेवा आणि क्षेत्रफळाशी गुणाकार वेगळ्या काढलेल्या मूल्यात करा.

इफेक्ट नाहीसे होण्याविषयी : संस्थेचा दर संपूर्ण अनुप्रयोगभर जिवंत राहतो, आणि त्याच्या यादीत बंद झालेल्या स्क्रीनचे इफेक्ट राहिले, तर ते स्मृतीत अडकतात आणि दर बदलला की चालतातही. व्ह्यूमध्ये घटकाच्या सेटअपमध्ये (घटक उभा करणाऱ्या फंक्शनमध्ये) थेट तयार झालेला इफेक्ट त्या घटकाच्या मालकीचा असतो आणि घटक गेला की थांबवला जातो. टायमरमध्ये किंवा उशिरा आलेल्या उत्तरात तयार केलेल्या इफेक्टला मात्र मालक नसतो. तो तयार करताना परत मिळालेल्या फंक्शनने हाताने थांबवावा लागतो.

जाता जाता जतन करण्याविषयी. ग्राफ निर्दोष झाला, तरी वापरकर्त्याने पाठोपाठ दोनदा शुल्क बदलले, तर दोन विनंत्या सर्व्हरला उलट क्रमाने पोहोचू शकतात आणि आधीची रक्कम नंतर जतन होऊ शकते. प्रत्येक विनंतीसोबत वाढता अनुक्रमांक पाठवा आणि जतन झालेल्या क्रमांकापेक्षा लहान क्रमांकाची विनंती सर्व्हरने नाकारावी अशी व्यवस्था करा.