ब्रह्मदंड आणि वटवाघळं: स्वयंसेवकाने काय शिकून जावं?

कातळफूल
वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करतेय. उन्हाळ्यात ब्रह्मदंडाच्या (लांब, जड फळं लोंबणारं सॉसेज ट्री) वटवाघळांकडून होणाऱ्या परागीभवनाच्या अभ्यासात मदतीला जाणार आहे. फुलांना पिशव्या बांधणं, मकरंद मोजणं आणि अधूनमधून मिस्ट नेट (वटवाघळं पकडायचं बारीक जाळं), असं काम सांगितलंय. तयारी काय करू? रेबीजची लस लागतेच का?

निशाचर
जाळ्यातलं वटवाघूळ हाताळणार असाल तर लागतेच. 0 आणि 7 व्या दिवशी एकेक डोस, त्यामुळे निघण्याच्या तीनेक आठवडे आधीच सुरू करा. लस घेतलेली असली तरी चावा बसला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा, पुढचे डोस चुकवायचे नाहीत. वटवाघळांतून पसरणाऱ्या निपाह विषाणूवर लसच नाही. महाबळेश्वरच्या गुहेत 2020 मध्ये पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) निपाहच्या खुणा मिळाल्यात, तेव्हा हातमोजे आणि एन-95 काढायचे नाहीत. लस झाली नसेल तर नोंदी लिहा, प्राण्याला हात लावू नका. वनखात्याच्या परवानगीत कोणाकोणाची नावं आहेत, हेही आधीच विचारून घ्या.

परागवेडा
खरी कसोटी पिशव्यांची. फूल सांजेला उमलतं आणि सकाळी गळून पडतं, म्हणून आज उमलणारी कळी दुपारीच ओळखून झाकायची. नुसती जाळीची पिशवी वाऱ्याने फुलावर घासते, परागकण कुक्षीला (फुलाच्या पराग झेलणाऱ्या टोकाला) लागतात आणि प्रयोग तिथेच बिघडतो. आत तारेचं कडं घाला. देठाला व्हॅसलीनचा पट्टा द्या, नाहीतर मुंग्या मकरंद संपवतात. खूणचिठ्ठी देठालाच बांधा, पाकळ्यांना बांधलीत तर सकाळी जमिनीवर सापडेल.

हाताने परागण करताना जपा: कुक्षीचे दोन पदर स्पर्श होताच मिटतात. ब्रश आधी परागकणांनी भरून घ्या, पहिलाच स्पर्श कामी यायला हवा. पराग दुसऱ्या झाडाचे हवेत. त्याच झाडाचे लावायचे ते तुलनेसाठी वेगळ्या फुलांवर.

कातळफूल
आणि मकरंद? केशनळी (केसासारखी बारीक काचनळी) पुरेल?

परागवेडा
या फुलात मकरंद भरपूर असतो, केशनळ्या भरत बसाल. 1 मि.ली.ची सिरिंज, टोकाला मऊ नळी. मोजमाप झाकलेल्या फुलातूनच, नाहीतर वटवाघळाने काय उरवलं तेच मोजाल. रिफ्रॅक्टोमीटर (मकरंदातली साखर मोजायचं उपकरण) डिस्टिल्ड पाण्याने शून्यावर आणा, प्रत्येक फुलानंतर काच पुसा, वेळ लिहा.

निशाचर
जाळ्याचं राहिलं. दर 10-15 मिनिटांनी फेरी मारा, पाऊस आला की जाळं बंद. वटवाघूळ ज्या बाजूने शिरलं त्याच बाजूने सोडवा, आधी पाय मोकळे करा. पोटाशी पिल्लू असेल तर पहिल्यांदा त्या मादीला सोडा.

अंगावरचे परागकण मात्र कापडी पिशवीत टाकण्याआधीच टिपायचे. पिशवीत ते पुसले जातात, वर आधीच्या वटवाघळाचे चिकटतात. फ्युक्सिन जेलीचा (परागकण चिकटून रंगतात अशी गुलाबी जेली) 3 मि.मी.चा तुकडा चिमट्यात धरून थेट तोंडाच्या, मानेच्या केसांवर फिरवा. प्रत्येक वटवाघळाला नवा तुकडा, आणि मधे चिमटा स्पिरिटने पुसायचा.