डिफ्रन्शियल खरोखर गेले आहे, की आवाज दुसरीकडून येत आहे?

घाटमाथा :
माझी पार्ट-टाइम फोर बाय फोर (गरज असेल तेव्हाच चारही चाकांना ताकद देणारी) डिझेल गाडी १ लाख १० हजार किलोमीटर चालली आहे. जुलैमध्ये महाडहून वरंध घाटाने भोरकडे येताना वाटेतील एक ओढा ओलांडावा लागला आणि पाणी चाकांच्या मध्यापर्यंत आले होते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत तीन वेगवेगळे आवाज सुरू झाले. रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला की खालून एकदाच ‘टक्’ असा धातूचा आवाज येतो. पार्किंगमध्ये हळू चालवताना चिमणी ओरडावी तशी लयबद्ध ‘चिर्र चिर्र’ ऐकू येते. ताशी ५० किलोमीटरच्या पुढे गेल्यावर मात्र सतत ‘घूं’ असा घुमणारा आवाज येतो. गॅरेजमध्ये एक फेरी मारून लगेच सांगण्यात आले की मागच्या डिफ्रन्शियलमधला (डाव्या-उजव्या चाकांना वळणावर वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची पेटी) क्राऊन-पिनियन, म्हणजे मुख्य दातेरी चाकांची जोडी, गेला आहे आणि संपूर्ण सेट बदलावा लागेल. खर्च मोठा असल्यामुळे निर्णय घेण्यापूर्वी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

ग्रीसगन :
तीन आवाजांचे खापर एकाच भागावर फोडण्याची घाई करू नये, कारण आपल्या वर्णनावरून हे तिन्ही आवाज एका ठिकाणचे वाटत नाहीत. आवाज कुठून येतो हे कानाने ठरवणे फसवे असते; चेसिसच्या लोखंडातून तो कुठेही पोहोचतो, आणि पुढच्या चाकाचा घूंकार मागच्या सीटखालून आल्यासारखा वाटणे अगदी नेहमीचे आहे. म्हणून आवाज कशाबरोबर बदलतो, हे आधी पाहावे.

मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ६० चा वेग धरा आणि अॅक्सिलरेटर दाबून, मग सोडून पाहा. क्राऊन-पिनियनचे दात किंवा पिनियनचे बेअरिंग झिजले असेल, तर ओढ पडताना आणि ओढ सुटताना आवाजाचा सूर बदलतो. बहुतेक वेळा एका स्थितीत तो रडतो आणि दुसऱ्या स्थितीत गप्प होतो. सूर अजिबात बदलत नसेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन (इंजिन बंद करू नये, स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात) वेग उतरू द्या. तरीही आवाज तसाच राहिला, तर चाकाचे बेअरिंग किंवा टायर यांच्याकडे पाहायला हवे. मग हलकेच डावीकडे-उजवीकडे वळवा. उजव्या वळणावर भार डाव्या चाकांवर जातो, तेव्हा आवाज वाढला तर दोष बहुधा डाव्या बाजूला असतो. मड टायर असतील तर तेही सांगा, कारण त्यांच्या घरघरीमुळे निर्दोष डिफ्रन्शियल उघडले गेल्याचे मी पाहिले आहे.

यंत्रवेडा :
ग्रीसगन यांच्याशी सहमत आहे. ‘चिर्र’ बाबत एक भर घालतो, कारण हा आवाज मोजता येतो. साधारण २.३ मीटर परिघाचे चाक ताशी १० किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे १.२ फेरे घेते. डिफ्रन्शियलचे गुणोत्तर ४ च्या आसपास धरले तर प्रॉपेलर शाफ्ट (डिफ्रन्शियलपर्यंत ताकद नेणारा फिरता दांडा) त्याच वेळात जवळजवळ ५ फेरे घेतो. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून मोजा : सेकंदाला एखादाच असेल तर चाक किंवा ब्रेक, पाचएक असतील तर शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टला कोनातही फिरू देणारा सांधा), ज्याला गॅरेजमध्ये ‘क्रॉस’ म्हणतात. कोरड्या पडलेल्या क्रॉसच्या कपाच्या कडेला तांबूस भुकटी दिसते. ‘टक्’ हाही बहुधा त्याचाच भाऊ आहे. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना दगड लावून, न्यूट्रलमध्ये शाफ्ट हाताने मागे-पुढे फिरवून पाहा. क्रॉसच्या दोन बाजूंमध्ये वेगळी हालचाल दिसता कामा नये. स्लिप योकच्या (शाफ्टच्या आत-बाहेर सरकणाऱ्या टोकाच्या) स्प्लाइनमध्ये, म्हणजे खाचांमध्ये, ग्रीस नसले तरी असाच ठोका बसतो, म्हणून तेही तपासा.

पाण्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घाट चढून तापलेले डिफ्रन्शियलचे हाउसिंग (बाहेरचे आवरण) थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची वाट) चिखलाने बुजलेला असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत ओढले जाते. फिलर प्लग उघडून ऑइल पाहा. ते दुधाळ चहासारखे दिसले तर चालवत राहू नका.

ग्रीसगन :
आपण घाटात 4H (चारही चाकांना ताकद देणारी, नेहमीच्या वेगाची स्थिती) वापरले होते का? पार्ट-टाइम प्रणालीत मधले डिफ्रन्शियल नसते, त्यामुळे वळणावर पुढच्या आणि मागच्या अॅक्सलला वेगवेगळे अंतर कापावे लागते तरी दोन्ही शाफ्ट एकाच गतीने फिरतात. ओल्या मातीवर चाके घसरून हा ताण सुटतो. कोरड्या डांबरावर तो साठत जातो आणि मग ‘धाड्’ करून सुटतो. बिचारा क्रॉस त्यात आधी मरतो.

घाटमाथा :
दोघांचे मनापासून आभार. होय, भोरच्या बाजूला रस्ता कोरडा झाल्यावरही मी बराच वेळ 4H मध्येच होतो, ही चूक माझीच.

रविवारी सर्व तपासण्या केल्या. ‘चिर्र’ सेकंदाला पाचच्या आसपास भरली. मागच्या शाफ्टचा पिनियनकडचा क्रॉस हाताने स्पष्ट हलत होता आणि कपातून लाल भुकटी पडली. शाफ्ट काढण्यापूर्वी फ्लँजवर खूण केली होती, त्यामुळे तो त्याच स्थितीत परत बसवता आला. नवा क्रॉस घातल्यावर ‘टक्’ आणि ‘चिर्र’ दोन्ही थांबले. डिफ्रन्शियलचे ऑइल खरोखर दुधाळ निघाले. ब्रीदर मोकळा करून 80W-90 गिअर ऑइल भरले आहे, आणि ५०० किलोमीटरनंतर ते पुन्हा बदलणार आहे. काढलेल्या ऑइलमध्ये बारीक राखाडी गाळ होता, पण लोखंडाचे तुकडे नव्हते.

‘घूं’ मात्र तसाच आहे. अॅक्सिलरेटरने बदलत नाही, न्यूट्रलमध्येही येतो आणि उजव्या वळणावर वाढतो. पुढचे डावे चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवले तर किंचित खेळते, आणि फिरवताना स्प्रिंगवर हात ठेवला तर खरखर जाणवते. शनिवारी त्याचे बेअरिंग बदलायला देत आहे; क्राऊन-पिनियनचा सेट मागवलेला नाही.