मदत हवी आहे: मानेवर रेडिएशनचा शेक चालू आहे, गिळवत नाही

धाकट्या भावाला (वय २६) हॉजकिन लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर), दुसरी स्टेज. एबीव्हीडी केमोच्या ४ सायकल झाल्या. आता मान आणि छातीच्या मधल्या भागाला ३० ग्रे (डोसचं माप) रेडिएशन, सोमवार ते शुक्रवार, एकूण १५ शेक. आज ९ वा झाला. मोहोळहून सोलापूरला रोज एसटीने जा-ये करतो.

चार दिवसांपासून गिळताना घशात काटा टोचल्यासारखं होतंय. भाकरी आमटीत कुस्करून दिली तरी घास तोंडातच फिरवत बसतो. शेंगाचटणी, तिखट बंदच केलंय. मीठ-सोड्याच्या गुळण्या आणि डॉक्टरांनी दिलेलं जेल नियमित चालू आहे. तरी वजन ५८ वरून ५५ वर आलं. शेकात खंड पाडायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. दूध जास्त झालं की त्याला जुलाब होतात, म्हणून तो मार्ग नाही.

मानेची कातडी लाल झालीय, कॉलर घासली की कळवळतो. हळद, तेल काहीही लावलेलं नाही.

मानेवर शेक घेतलेल्यांनी कृपया सांगा: या दिवसांत घशाखाली काय सहज उतरलं आणि वजन टिकलं? एसटीच्या प्रवासात, उन्हात मान कशाने झाकली? आणि शेवटच्या शेकानंतर नीट जेवता यायला किती दिवस लागले?